भटवाडीतले काळे-हिरवे

आमच्या घरात रविवारी सकाळी साडेदहा वाजले की सिडनीत दुपारचे तीन वाजत. हे गणित मला पाढ्यांच्या आधी येत होतं, असं आई म्हणायची आणि त्यात कौतुक मुळीच नसायचं. घाटकोपरच्या भटवाडीत, चढावरच्या चाळीत, आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत लोखंडी कपाटावर बाबांनी सिंगापूरहून आणलेला रेडिओ असे. त्याची एक तार खिडकीतून बाहेर काढून शेजारच्या शेवग्याला बांधली होती. साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना बाबा आंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून स्टुलावर बसत आणि उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी बटण फिरवायला लागत. आधी नुसत्या शिट्ट्या यायच्या. मग कुठल्यातरी बाईचं चिनी बोलणं, मग तळणीत पाणी पडल्यासारखी चरचर, आणि मग एकदम तो माणूस यायचा. नाकातून, घाईघाईने, श्वास न घेता बोलणारा. त्याच्या मागे समुद्रासारखा पसरलेला लोकांचा आवाज. बाबा बोट वर करत. म्हणजे आता घरात कुणी बोलायचं नाही.

आई नेमकं तेव्हाच वाटप वाटायला घेई. रविवारी बांगडे नाहीतर सौंदाळे यायचे, आणि तिखल्याचं, म्हणजे त्या माशांच्या आमटीचं, वाटप पाट्यावरच व्हायला हवं हा तिचा हट्ट. वरवंटा दगडावर घासायला लागला की रेडिओतला माणूस बुडून जायचा.

"गो, वायच थांब. पाचवो टॅकल असा," बाबा म्हणत.

"तुमचो टॅकल जेवक घालतलो काय?" आई आतून म्हणे, पण थांबायची. हात वरवंट्यावर तसाच ठेवून, ओल्या खोबऱ्याचा पांढरा लगदा बोटांवर, ती थांबायची. आज मला त्या थांबण्याचं नवल वाटतं. तेव्हा वाटायचं नाही.

बाबा बावीस वर्षं बोटीवर होते. मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून लागले, पुढे सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, झाले. एकदा त्यांची बोट दुरुस्तीसाठी सिडनीच्या बंदरात सात आठवडे अडकून पडली. तिथे टॉम नावाच्या एका गोदी कामगाराशी त्यांची ओळख झाली, आणि तो दर आठवड्याला त्यांना मॅचला नेऊ लागला. खेळ रग्बीचा, पण नुसतं रग्बी म्हटलेलं बाबांना चालत नसे. पंधरा जणांची रग्बी ती साहेबांची. ही तेरा जणांची, रग्बी लीग. लंबगोल चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या भिंतीवर जाऊन आदळायचं, पास द्यायचा तो मागेच, पुढे नाही. समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं, त्याला टॅकल म्हणायचं. सहाव्यांदा पाडलं की चेंडू दुसऱ्यांना. बाबा हे सगळं फरशीवर चिंचोके मांडून समजावत. "आपल्या कबड्डीचो मोठो भाव तो," ते म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. टॉमचा संघ बंदराजवळच्या कामगारवस्तीचा, काळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या जर्सीचा, आणि बहुतेक वेळा हरणारा. बाबांनी सात आठवड्यांत तो संघ आपला केला आणि जन्मभर सोडला नाही. पुढे एका वादळात जाड दोर हातावर गुंडाळला जाऊन त्यांची दोन बोटं गेली, बोट सुटली, विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी मिळाली. समुद्रातलं त्यांच्याकडे राहिलं ते एवढंच, रविवारी सकाळी दोन तास.

मी त्यांची श्रोता झाले, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. दहाव्या-अकराव्या वर्षापासून मी स्टुलाशेजारी फरशीवर बसून वहीत गुण लिहायची. रेडिओतलं इंग्रजी मला शाळेतल्या इंग्रजीपेक्षा आधी कळू लागलं, निदान त्यातले आकडे आणि खेळाडूंची नावं. एकही मॅच डोळ्यांनी पाहिली नव्हती आणि तरी मला मतं होती. काळ्या-हिरव्यांचा डावीकडचा पळणारा आळशी आहे, रेफ्री मोठ्या संघांना घाबरतो, शेवटच्या दहा मिनिटांत लाथ मारून एक गुण मिळवणं हा भित्रेपणा आहे. यातली निम्मी मतं बाबांची होती आणि निम्मी मी त्यांना खूश करायला बनवलेली. बाबांची स्वतःची मतं मात्र पक्की. त्या खेळात खेळाडूंना पैसे मिळत याचं त्यांना कधीच वावडं नव्हतं. साहेबांच्या रग्बीवाल्यांनी मजुरांना पैसे नाकारले, म्हणून मजुरांनी आपला खेळ वेगळा काढला, ही गोष्ट टॉमने त्यांना सांगितली होती आणि ती ते पुराणातल्या कथेसारखी सांगत. "आंग मोडता तेचो पगार नको? घेवक व्हयोच." पण पैसे घेऊन जो मैदानात लोळत पडून राहील, डोकं धरून बाहेर जाईल, त्याच्याबद्दल त्यांना दया नव्हती. टॉमच्या संघात एक जण जबडा मोडलेला असताना शेवटपर्यंत खेळला होता, आणि ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. रक्ताने भिजलेली जर्सी, आणि सगळं मैदान उभं राहून त्याच्या नावाने ओरडतंय. ती त्या वर्षांतली त्यांची सगळ्यात आवडती आठवण. बोटीवरची बावीस वर्षं एकीकडे आणि ती दुपार एकीकडे. रेडिओत कुणी खेळाडू खाली पडला की समालोचक थांबायचा, आणि मग तो उठला की लोकांचा जो आवाज उसळायचा, त्याला बाबा डोळे मिटून मान हलवत. "पडणा म्हंजे हरणा न्हय," ते मला सांगत. "पडान रवणा म्हंजे हरणा."

मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

आता या वयात, मुलुंडच्या या फ्लॅटमध्ये बसून, मी अजूनही तो खेळ बघते. मोबाइलवर सगळं दिसतं. गवत, घाम, गुडघ्याला बांधलेली पट्टी. काळे-हिरवे अजूनही बहुतेक वेळा हरतात. आता ज्याच्या डोक्याला लागतं त्याला बाहेर घेतात, त्याची इच्छा असो वा नसो. डॉक्टरचा शब्द शेवटचा. खालच्या प्रतिक्रियांमध्ये लोक लिहितात, खेळ बायकी झाला, पूर्वीचे खेळाडू लोखंडाचे होते. मी ते वाचते आणि थकून फोन बाजूला ठेवते. ते पूर्वीचे लोखंडाचे खेळाडू आज कसे आहेत हेही तिथेच, त्याच फोनवर, दोन बोटं पुढे गेलं की वाचायला मिळतं. कुणाला बायकोचं नाव आठवत नाही, कुणी भर दुपारी आपल्याच गल्लीत हरवतो. माझं या खेळाबद्दल एकच मत आता उरलं आहे, आणि ते असं की आपण बघणारे लोक फार स्वस्तात शूर होतो. मी मॅच आवाज बंद करून बघते. ती सवय कशी लागली तेच सांगायला बसले आहे.

माझा दादा सुधाकर माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याला रेडिओत रस नव्हता. रविवारी तो पहाटे मैदानावर जायचा तो अकराला, अंगाला माती लागलेला, भुकेला, घरात शिरायचा आणि आई त्याला दारातच पाय धुवायला लावायची. आमच्या मंडळाच्या कबड्डी संघात तो डाव्या कोपऱ्यावर उभा असे. चढाईला आलेल्याचा घोटा धरण्यात त्याच्यासारखा अख्ख्या घाटकोपरात कुणी नाही, असं सावंत मास्तर म्हणत. मास्तर म्हणजे मंडळाचे प्रशिक्षक, एका गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. संपानंतर गिरणी गेली आणि त्यांच्याकडे फक्त शिट्टी आणि आमची पोरं उरली. बाबा दादाच्या प्रत्येक मॅचला जात. मलाही नेत. दादा त्यांच्याशी फार बोलत नसे, पण पकड झाल्यावर त्याची नजर एकदा आमच्या बाजूला येऊन जायची. ती मला नव्हती, बाबांना होती.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या संघासाठी मुलं निवडायची आहेत अशी बातमी आली. कंपनीच्या संघात घेतलं म्हणजे कायमची नोकरी. सकाळी चार तास ऑफिस, मग सराव, महिन्याला पगार. दादा तेव्हा बी.कॉम.ला दोनदा नापास होऊन एका छापखान्यात रोजंदारीवर होता. रविवारी संध्याकाळच्या उपांत्य सामन्याला कंपनीचे दोघं येणार असं मास्तरांनी सांगितलं, तेव्हा आईने शनिवारी उपास केला. रविवारी सकाळी बाबांनी रेडिओ लावला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. काळे-हिरवे त्या दिवशी जिंकत होते तरी ते मध्येच उठून दादाच्या गुडघ्याला तेल चोळायला गेले. मी एकटीनेच शेवटपर्यंत ऐकलं. दादा जेवताना म्हणाला, "आई, मासे नको. पोट हलकं असू दे." आईने त्याला दहीभात दिला आणि त्याची बांगड्याची तुकडी झाकून ठेवली, परत आल्यावर खायला.

सामना साडेचारला सुरू झाला. उन्हं अजून होती, मैदानावर पाणी मारलेलं, मातीचा ओला वास, चुन्याच्या पांढऱ्या रेषा. काथ्याच्या दोराबाहेर माणसं दाटीने बसलेली. समोरचा संघ विक्रोळीचा, दांडगा. कंपनीचे दोघे खुर्च्यांवर बसले होते. एकाच्या मांडीवर वही होती. पहिल्या सत्रात दादाने तीन पकडी केल्या आणि वहीवाल्याने प्रत्येक वेळी काहीतरी लिहिलं. मी बाबांच्या शर्टाची बाही धरून बसले होते.

मध्यंतरानंतर विक्रोळीचा एक उंच चढाईवाला आला. दादाने त्याचा घोटा धरला. तो पडताना त्याचा दुसरा गुडघा सरळ दादाच्या कानशिलावर बसला. त्याचा आवाज आला. नारळ पायरीवर आपटावा तसा. पकड झाली, लोक ओरडले, चढाईवाला बाद झाला, आणि दादा तसाच मातीत पालथा पडून राहिला.

सगळं मैदान गप्प झालं. अशी शांतता मी ओळखत होते. दर रविवारी ऐकली होती. त्यानंतर काय यायला हवं तेही मला माहीत होतं. मी उभी राहिले आणि पूर्ण ताकदीने ओरडले, "दादा, ऊठ! पडून नाही राहायचं! ऊठ!"

माझा आवाज तेव्हा फार टोकदार होता. सगळ्यांना ऐकू गेला. माझ्यामागे दहा-बारा जण ओरडायला लागले, मग पन्नास, मग सगळेच. "ऊठ सुध्या, ऊठ!" आणि दादा उठला. आधी हातांवर, मग गुडघ्यांवर, मग उभा. लोकांचा आवाज उसळला, अगदी रेडिओतल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा. मग तो चालत गेला आणि मधली रेषा ओलांडून विक्रोळीच्या मुलांमध्ये जाऊन उभा राहिला, आपल्याच बाजूला उभं असल्यासारखा. लोक हसले. मीही हसले.

सावंत मास्तर हसले नाहीत. त्यांनी दादाला खांद्याला धरून परत आणलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि बाबांकडे वळून म्हणाले, "बदलतो याला. ठीक नाही वाटत."

"काय जावक नाय तेका," बाबा म्हणाले. "उभो रवलो मा?"

"अहो, तो चुकीच्या बाजूला गेला."

"मास्तर, ते लोक बघतत." बाबांनी खुर्च्यांकडे नजर टाकली. "आज भायर काढलास तर झिलाचा सगळा गेला."

मास्तरांना नोकरी म्हणजे काय ते माहीत होतं, त्यांची गेली होती. त्यांनी दादाला विचारलं, "सुध्या, ठीक आहेस ना रे?"

दादाने बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, "हो."

तिसऱ्या चढाईला तो स्वतः गेला. का गेला ते कुणालाच कळलं नाही, तो कधी चढाईला जात नसे. रेषा ओलांडून 'कबड्डी कबड्डी' करत चार पावलं गेला आणि मध्येच त्याचा दम थांबला. तो उभाच राहिला, हात लोंबकळत, काहीतरी विसरल्यासारखा. विक्रोळीच्या मुलांना ते कळायला हवं होतं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत असे. आता म्हणत नाही. समोर चढाईवाला उभा असला तर कोपऱ्यातला मुलगा जे करतो तेच त्यांनी केलं. चौघांनी त्याच्यावर उडी घेतली. ते उठले तेव्हा दादा खाली होता आणि या वेळी कुणी ओरडून काही झालं नाही.

टॅक्सीत त्याचं डोकं बाबांच्या मांडीवर होतं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. बाबा सबंध रस्ता एकच म्हणत होते, "सुधा, डोळे उघड. सुधा, माका बघ." हॉस्पिटलमध्ये दादा दोन दिवस शुद्धीवर आला नाही. आई बाकावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. बाबा भिंतीकडे तोंड करून रडले. तरुण डॉक्टर होता, थकलेला, हातात चहाचा ग्लास. तो सहज म्हणाला, "पहिल्यांदा लागलं तेव्हाच बाहेर घ्यायला हवं होतं. दुसरा मार फार वाईट असतो. कुणी बघायला नव्हतं का तिथे?"

"होतंव," बाबा म्हणाले. "आमी होतंव."

दादा घरी आला तेव्हा शेवग्याला शेंगा लागल्या होत्या. वरून बघायला तो तोच होता. पण उजेड त्याला सहन होत नसे, आवाज तर अजिबातच नाही. आईने पाटा-वरवंटा उचलून गॅलरीच्या टोकाला, दुसऱ्या बिऱ्हाडापाशी नेला आणि तिथे उकिडवी बसून वाटू लागली. खिडक्यांना चादरी लावल्या. आम्ही चौघं एकमेकांशी कुजबुजत बोलायचो. ताट खाली ठेवतानाही हळू. रेडिओचं तर नावच नको. पहिल्या रविवारी साडेदहाला बाबा सवयीने आंघोळ करून, बनियन घालून स्टुलावर येऊन बसले, बटणापर्यंत हात नेला आणि तसेच बसून राहिले. मग उठून शेवग्याची तार सोडली, गुंडाळली आणि रेडिओ एका पोत्यात घालून कारखान्यातल्या कुणालातरी देऊन टाकला. कुणाला ते आम्हाला सांगितलं नाही.

कंपनीने विक्रोळीच्या त्या उंच चढाईवाल्याला घेतलं. छापखान्यात यंत्रांचा आवाज, म्हणून दादाला तिथे परत जाता येईना. त्याला शब्द सापडायचे नाहीत. 'चमचा' म्हणायचं असलं की तो हाताने ढवळल्यासारखं करून आमच्याकडे बघायचा, आणि आम्ही पटकन म्हणायचो, "चमचा." पटकन म्हटलं की त्याला राग यायचा, हळू म्हटलं की जास्त यायचा. हे सगळं हळूहळू सुधारलं. पुढे तो एका ग्रंथालयात पुस्तकं लावायच्या कामाला लागला, लग्न केलं, आता बोरिवलीला असतो, नातवाला शाळेत सोडतो. वाईट आयुष्य झालं असं त्याच्यापुढे कुणी म्हणू नये. पण दुपारी त्याला अंधाऱ्या खोलीत पडावं लागतं. चाळीस वर्षं झाली. मी त्याच्याकडे गेले की अजूनही फोनचा आवाज बंद करूनच आत शिरते.

मी त्याला सांगितलं होतं. घरी आल्यावर पाच-सहा महिन्यांनी, आई बाजारात गेलेली असताना, मी त्याच्या खाटेशेजारी बसून सांगितलं, "दादा, तुला ऊठ म्हणून पहिल्यांदा मी ओरडले होते."

त्याने माझ्याकडे बघितलं. "कधी?"

"त्या दिवशी. मॅचमध्ये. मी ओरडले म्हणून सगळे ओरडले."

"मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही गं शैला," तो म्हणाला. "सकाळी काय जेवलो तेसुद्धा. तू सांगतेस म्हणून खरं असेल."

"मला माफ कर."

"कशाबद्दल करू? माझ्याकडे ते नाहीच आहे." मग तो कूस बदलून झोपला. रागावला नव्हता. दमला होता. मी तिथे आई येईपर्यंत बसून राहिले. ज्याला आठवत नाही त्याच्याकडून माफी घेता येत नाही, आणि ज्याला आठवतं त्या बाबांकडे मागायची माझी हिंमत नव्हती. आम्ही दोघं एकमेकांना टाळत होतो. एकाच वाटेने दूध आणायला गेलो तरी मागे-पुढे चालायचो.

दोन वर्षांनी, मी कॉलेजात जायला लागल्यावर, एका रविवारी बाबा आणि मी माहुलला आत्याकडे गेलो होतो. तिने पिशवी भरून सुकट दिली. संध्याकाळी परत येताना चढ लागायच्या आधी मैदानापाशी गर्दी दिसली. सामना चालू होता. एरवी बाबा दुसऱ्या गल्लीने जात, त्या दिवशी त्यांचा पाय दुखत होता म्हणून सरळ आले. दोराजवळ आल्यावर त्यांचे पाय थांबले. मी म्हटलं, "चला ना बाबा." ते थांबलेच.

आमच्याच मंडळाचा एक नवा मुलगा, दिनेश नावाचा, एकोणीस-वीस वर्षांचा, पकडीत खाली सापडला आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. फार जोरात नसेल. तो बसला, मग एक हात जमिनीवर टेकवून तसाच राहिला, जमीन हलत असल्यासारखा. लोक ओरडू लागले. "ऊठ रे दिन्या! काय नाय झालं, ऊठ!" एक लहान मुलगी, परकर-पोलक्यातली, माझ्या पुढेच उभी राहून तेच ओरडत होती.

बाबांनी सुकटीची पिशवी माझ्या हातात दिली. चपला काढून दोराबाहेर नीट ठेवल्या, कारण मैदानात चपला घालून जायचं नसतं. मग वाकून दोराखालून आत गेले. पंचाने शिट्टी वाजवली. ते थांबले नाहीत. लंगडत मधोमध गेले, दिनेशच्या शेजारी मातीत बसले आणि त्याचं मनगट धरलं.

"झिला, आज वार खयचो?"

"काय?"

"वार. आज कुठला वार?"

दिनेशने डोळे बारीक केले. "शनिवार."

बाबांनी मान वर केली आणि पंचाला म्हणाले, "हेका भायर काढा."

मग वाट लागली. खेळाडू धावून आले, "म्हाताऱ्या, डोकं फिरलंय काय?", "कोण हा, काढा रे याला." कुणीतरी बाबांच्या खांद्याला धरून ओढलं. ते आडवे झाले, पुन्हा बसले, पण मनगट सोडलं नाही. दोरापलीकडून शिव्या येत होत्या. कुणीतरी ओळखलं आणि म्हणालं, "सुध्याचा बाप आहे तो," आणि त्यावर एक जण हसला. मी अजून दोराबाहेर होते. मला लाज वाटत होती, हे लपवून काय करू? मग मी चपला काढल्या आणि आत गेले. पिशवी हातातच होती, सुकटीचा वास येत होता. बाबांच्या पलीकडे, त्या मुलाच्या दुसऱ्या बाजूला मी बसले आणि त्याचा दुसरा हात धरला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान खाली घातली नाही.

सावंत मास्तर आले. त्यांनी आम्हा तिघांना बघितलं, दिनेशच्या डोळ्यांसमोर बोट धरलं, आणि पंचाला म्हणाले, "बदली." एवढंच. बदली खेळाडू नवखा होता. सामना आमचं मंडळ हरलं. पुढे मंडळाने बाबांना मैदानावर यायची बंदी केली, आणि ती त्यांनी मरेपर्यंत पाळली.

दिनेशला आम्ही दोघांनी धरून दोराबाहेर बाकावर आणून बसवलं. मास्तरांनी रिक्षा आणायला पाठवलं होतं. तो पाणी प्यायला, थोडा सावरला, आणि मग त्याच्या लक्षात सगळं आलं. त्याने खुर्च्यांकडे बघितलं. तिथे बसलेला माणूस वही मिटून उठत होता.

"काका," तो बाबांना म्हणाला, "बँकेचे लोक आले होते आज. मला बघायला आले होते. माझी नोकरी घालवलीत तुम्ही."

मला वाटलं बाबा आता दादाचं सांगतील. दोन दिवसांची बेशुद्धी, डॉक्टर, अंधारी खोली. सांगायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं.

"होय," बाबा म्हणाले. "मी घालवलंय." आणि रिक्षा येईपर्यंत त्यांनी त्याचा हात धरून ठेवला.